निभाचं बोलणं मी बदललं

"बाकावर उभी राहा," ताईसाहेब म्हणाल्या. "सगळ्यांना दिसू दे."

मी उभी राहिले. एकोणीस वर्षांची बाई. तेराव्या वर्षी लग्न झालेली, सोळाव्या वर्षी नवऱ्यानं टाकलेली. पोरांच्या शाळेतला बाक होता तो, एक पाय आखूड. हलायचा. तोल सावरायला मी भिंतीला हात लावला.

"भिंत काळी करू नकोस. आता सांग, तू कोण आणि काय करतेस."

"मी ढिवराची पोरगी आहो. बाजारात मासोळ्या विकतो."

खोलीभर हसू फुटलं. बारा बायका होत्या. मास्तरांच्या, दुकानदारांच्या, पाटलांच्या घरातल्या. ताईसाहेब स्वतः हसल्या नाहीत. हसू संपेपर्यंत त्या थांबल्या आणि मग विचारलं, "विकतो? तू बाई आहेस की बुवा?"

आमच्याकडे बाया असंच बोलतात. मी जातो, मी येतो, मी रांधतो. माझी आई असंच बोलायची. मरताना ती "मी जातो" म्हणूनच गेली. ही चूक आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी चौथी पास होते, पण आमचे मास्तरही त्याच मुलखातले.

"म्हण. मी विकते."

"मी विकते."

"मला."

"मले."

"मले नाही. मला."

किती वेळा म्हणायला लावलं ते मोजलं नाही. पाय दुखायला लागले एवढं आठवतं. शेवटी खाली उतरायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्यापासून अंघोळ करून येत जा. मासळीचा वास येतो. आणि दाराजवळ बस."

त्या सकाळी मी नदीवर डोकं धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून आले होते. हे मी सांगितलं नाही. दाराजवळ जाऊन बसले. नंतर त्या आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, "तुमच्यातूनच उद्याच्या पुढारी बाया घडायच्या आहेत."

हे मी आता लिहिते आहे ते पुस्तकी मराठीत. लिहिताना 'लिहिते' असंच लिहिते. बोलताना मात्र अजून 'मी जातो' असंच बोलते. ते सोडलेलं नाही.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती. मुलचेऱ्याच्या भोवती बंगाल्यांची गावंच्या गावं वसली ती नंतर. त्याच्या आधी सरकारनं चाळीसेक कुटुंबं आणली होती, ही माणसं इथं टिकतात का ते पाहायला. आमच्या गावापासून कोसभर अंतरावर जंगल तोडून मोकळं केलेलं माळरान होतं. तिथं रांगेत तंबू ठोकले आणि त्याला कॅम्प म्हणायला लागले. माणसं पूर्व बंगालातून आलेली. फाळणीनंतर घर सुटलेली, मग एका कॅम्पातून दुसऱ्या कॅम्पात हिंडवलेली. आमच्या लोकांना वाटलं, साहेब लोक आले असतील. आले ते आमच्याच सारखे. काळे, वाळलेले, नदी दिसली की तिकडं पाय वळणारे.

कॅम्पाची देखभाल एका महिला समितीकडे होती. चांद्याच्या एका मोठ्या वकिलाच्या बायकोनं ती काढलेली. त्याच ताईसाहेब. दूधवाटप, शिवणवर्ग, दवापाणी हे समिती पाहायची. सरकार आणखी कुटुंबं आणणार होतं. पहिला कॅम्प नीट चालला असा शेरा मिळाला, तर पुढच्या सगळ्या कॅम्पांचं काम समितीला मिळणार होतं. त्यासाठी सेविका हव्या होत्या. म्हणून अहेरीत एक खोली घेऊन हा वर्ग सुरू झाला.

त्यात मला घेतलं, कारण मला बंगाली येत होतं. दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं.

ते मला निभानं शिकवलं.

निभा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. नवरा वाटेतच कुठल्याशा कॅम्पात वारला. एक मुलगी होती, पारुल, सहा वर्षांची. कॅम्प बसला त्याच आठवड्यात निभा नदीवर आली आणि माझ्या बापाचं जाळं हातात घेऊन पाहू लागली. गाठी तपासल्या. मान हलवली. मग वाळूत बसून फाटलेला कोपरा विणायला लागली. माझा बाप पाहतच राहिला. परक्या बाईनं आमच्या जाळ्याला हात लावला म्हणून रागवावं की काय, त्याला कळेना. मग म्हणाला, "हाताले सवय हाये हिच्या."

आम्ही मासा म्हणतो, ती माछ म्हणायची. आम्ही जाळं, ती जाल. एवढ्यावर आमचं बोलणं सुरू झालं. पारुल मधे बसून दोन्हीकडचं बोलायची. तिनंच मला मोजायला शिकवलं, शिव्या शिकवल्या. चार महिन्यांत मी निभाशी कशावरही बोलू शकत होते. ती मला बोइन म्हणायची. म्हणजे बहीण.

वर्गात माझी जीभ हळूहळू वळली. दाराजवळ बसून मी सगळं पाठ करायची. रस्त्यानं चालताना एकटीच बोलायची. मला, तुला, त्याला. इथे, तिथे. मी जाते, मी येते. झाडांना ऐकवायची. घरी एकदा तोंडातून निघून गेलं, "मला भूक लागली आहे." बाप पाहायला लागला. "कोणाच्या घरची बोलून राह्यली?" त्यानं विचारलं. मला राग आला. त्याचा राग आला, ताईसाहेबांचा नाही. हे सांगायला हवं. त्या दिवसांत मला ताईसाहेबांसारखं व्हायचं होतं. त्यांनी मला दारापासून दोन ओळी पुढे बसवलं तेव्हा रात्रभर आनंद वाटला होता.

कॅम्पात एकच विहीर होती. ठेकेदारानं घाईनं खणलेली, उथळ. तिच्या वरच्या अंगाला, चढावर, संडासाचे चर होते. जमीन मुरमाड. वरचं सगळं खाली झिरपायचं. पाणी पिवळट दिसायचं, वास यायचा. बंगाली बायांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं. त्या पाण्याच्या देशातल्या. पाण्यातलं त्याच आम्हाला शिकवू शकल्या असत्या. त्यांनी कॅम्पच्या साहेबाला हातवारे करून सांगितलं. साहेबानं त्यांना दूध वाढलं. त्याला वाटलं, दूध मागताहेत.

मग मुंबईहून मोठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. बायांनी ठरवलं, आपण त्यांना सांगायचं. निभानं बोलायचं, कारण ती भीत नव्हती. आणि मी मराठीत सांगायचं. निभानं आदल्या दिवशी मला नदीवर नेऊन तीन वेळा समजावलं. विहीर बंद करा. वरच्या अंगाला नवी खणा. तोवर आम्हाला नदीवरून पाणी आणू द्या. फाटकावरचा शिपाई बायांना हंडे घेऊन बाहेर सोडत नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना दिसलं, तर विहीर वाईट आहे हे कळेल म्हणून.

त्याच दिवशी दुपारी ताईसाहेबांनी मला बोलावलं. पहिल्यांदाच खुर्चीवर बसवलं. चार वाक्यं दिली. पाठ करून घेतली.

"तुझा उच्चार आता किती स्वच्छ झालाय," त्या म्हणाल्या. "उद्या सगळं तुझ्यावर आहे."

मी विचारलं, "पण निभा पाण्याचं सांगणार आहे."

"सांगू दे की तिला. तू ही वाक्यं म्हण. पाण्याचं मी नंतर बघते. आता तक्रार गेली तर कॅम्पच बंद होईल, मग ही माणसं कुठे जातील? त्यांच्याच भल्याचं आहे."

त्या खुर्चीवर बसून मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. जीप, दोन कारकून, फोटो काढणारा एक. बाया रांगेत उभ्या. निभा पुढे आली आणि बोलायला लागली. थांबली नाही. हात वर करून चर दाखवले, हात खाली करून विहीर दाखवली. लोटा भरून आणला होता, तो साहेबांपुढे धरला. साहेबांनी लोटा घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं.

ताईसाहेबांचा हात माझ्या पाठीवर आला. ज्या बाईनं मला भिंतीला हात लावू दिला नव्हता, तिचा हात.

मी म्हटलं, "ह्या भगिनी सरकारच्या आभारी आहेत. येथे दुधाची व औषधांची उत्तम व्यवस्था आहे. पाण्याची सोय चांगली आहे. आम्ही सर्व समाधानी आहोत."

एकही चूक झाली नाही.

साहेब ताईसाहेबांना म्हणाले, "ही मुलगी फार शुद्ध बोलते. स्थानिक आहे? वा." कारकुनानं वहीत लिहिलं. निभा माझ्याकडे पाहत होती. तिला वाटलं, सांगून झालं. तिनं लोटा खाली ठेवला आणि हात जोडले.

कुणी धमकी दिली नव्हती मला. मारलं नव्हतं. उपाशी ठेवलं नव्हतं. मला त्या बायकांच्यात बसायचं होतं, म्हणून मी बोलले. साहेबांनी 'शुद्ध' म्हटलं तेव्हा माझी छाती भरून आली होती. इतक्या वर्षांत हे मी अनेकांना सांगितलं आहे, अजून सांगते. आता लिहिते.

निभानं दोन आठवडे वाट पाहिली. रोज विचारायची, "कबे?" कधी खणतील? मी म्हणायची, सरकारी काम आहे, वेळ लागतो.

आषाढात ओकारी-हगवण सुरू झाली. आधी एक म्हातारा. मग दोन पोरं एकाच तंबूत. मग पारुल.

पारुल सकाळी बरी होती. दुपारी तिचे डोळे खोल गेले. औषधाची पेटी समितीच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली ताईसाहेबांच्या सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी अहेरीला. मी फाटकापर्यंत पळाले, शिपायाला कुलूप तोडायला सांगितलं. तो म्हणाला, "माही नोकरी तू देशील का?" परत आले तेव्हा निभा पोरीच्या ओठांना पाणी लावत होती. त्याच विहिरीचं. दुसरं नव्हतंच. ऊन कलायच्या आधी पारुल गेली.

चौथ्या दिवशी निभानं मला तिच्या तंबूपुढं बसवलं. ती रडत नव्हती. म्हणाली, "तुमि बोलेछो?" तू सांगितलं होतंस?

मी म्हटलं, "हो. बोलेछि."

मग तिनं एक शब्द उच्चारला. नीट, एकेक अक्षर. "स-मा-धा-नी. समाधानी माने की?"

नदीवर आम्ही इतकं मराठी, इतकं बंगाली बोललो होतो. हा शब्द मी तिथं कधी बोलले नव्हते. म्हणून तिनं तो ऐकून लक्षात ठेवला होता. पाणी हा शब्द तिला माहीत होता, तेवढा तिनं ऐकला होता. पण घाण, विहीर, खाली, वर, हे सगळे शब्दही तिला माझ्याकडूनच माहीत होते. त्यातला एकही तिला त्या दिवशी माझ्या तोंडून ऐकू आला नव्हता. ऐकू आला तो हा. ती महिनाभर मनात धरून होती. विचारावं की नाही, ठरवत होती.

मला त्याचा अर्थ सांगता येईना. खरंच येईना. बंगालीत काय म्हणतात मला माहीत नव्हतं. आमच्या झाडीच्या बोलीतही आम्ही तो कधी बोललो नव्हतो. आमच्या घरात तो शब्दच नव्हता.

शेवटी मी तिला बंगालीत सांगितलं. मी साहेबाला म्हटलं की पाणी चांगलं आहे. तुम्ही सगळ्या खूश आहात.

ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, तंबूत गेली आणि कनात खाली सोडली. आतून म्हणाली, "जाओ."

घरी बापाला सांगितलं. तो जाळं वाळत घालत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तुले तोंड होतं. काऊन नाई बोलली?"

परत त्यानं विचारलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही.

दोन दिवसांनी चौकशी आली. एक डॉक्टर आणि एक कारकून. समितीच्या खोलीत टेबल मांडलं होतं. ताईसाहेब आल्या होत्या, डोळे सुजलेले. त्यांनाही वाईट वाटलं असेल, मी नाही म्हणत नाही. त्यांनी माझ्यापुढं एक कागद सरकवला. सुरेख अक्षरात लिहिलेला.

"वाच आणि खाली सही कर. तू इथली सेविका आहेस, भाषा तुला कळते, तुझा जबाब महत्त्वाचा."

मी बोट ठेवून वाचलं. मला वेळ लागतो वाचायला. कारकून कंटाळला. कागदात लिहिलं होतं की निर्वासित कुटुंबं स्थानिक ढिवरांकडून नासकी मासळी घेऊन खात असत. वारंवार समज देऊनही त्यांनी ऐकलं नाही. त्यातून हा आजार झाला. आणि हे मी स्वतः पाहिलं आहे.

'ढिवरांकडून' या शब्दावर माझं बोट थांबलं.

म्हणजे माझ्या बापाकडून. ज्या जाळ्याचा कोपरा निभानं विणला होता त्या जाळ्यातून. पोरगी मारली त्यांच्या विहिरीनं, आणि नाव लागणार माझ्या बापाचं. ते लावायला हात माझाच हवा होता. आधी तोंड घेतलं, आता हात.

"हे मी नाई बोललो," मी म्हटलं.

ताईसाहेबांनी चमकून पाहिलं. त्यांना आधी शब्द खुपला, अर्थ मागून कळला. "नीट बोल. आणि तुला बोलायचं नाहीये. फक्त सही करायची आहे."

"मले सही येते. म्हणूनच नाई करत."

मग मी डॉक्टरकडे वळले. "साहेब, तुमी लिवून घ्या. विहीर संडासाच्या खालच्या अंगाले हाये. वरचं समदं तिच्यात उतरते. मोठे साहेब आल्ते तवा निभानं हेच सांगतलं होतं. मी खोटं सांगतलं. पाणी चांगलं हाये म्हणलं. मले तसं पाठ करून देल्लं होतं."

"कोणी दिलं?" डॉक्टरनं विचारलं.

"ह्याईनं." मी ताईसाहेबांकडे बोट केलं.

ताईसाहेब म्हणाल्या, "हिची बोली तुम्हाला कळणार नाही डॉक्टर. शिवाय ती मुलगी गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही. त्या मुलीवर हिचा जीव होता."

कारकुनानं डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरनं ताईसाहेबांकडे पाहिलं. कारकुनानं पेनाला टोपण लावलं.

मी तेच पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा, मोठ्यानं. कारकून कागद आवरत होता. डॉक्टर म्हणाला, "बघू." जीपमध्ये बसताना त्यानं विहिरीकडे एकदा मान वळवली, एवढंच.

ताईसाहेब मला म्हणाल्या, "मी तुला माणसांत आणलं. पुढारी झाली असतीस. उद्यापासून येऊ नकोस."

मी गेले. मागं पाहिलं नाही. मोठी शूर झाले होते असं नाही. पण त्या खोलीत जे बोलले ते माझ्या आईच्या बोलीत बोलले, आणि खरं बोलले. दोन्ही एकाच वेळी पहिल्यांदा झालं होतं.

जबाब कुणी लिहिला नाही. कागदावर माझ्याऐवजी शिपायाची सही झाली. ढिवरांनी कॅम्पाच्या बाजूच्या नदीपात्रात जाळी टाकू नयेत, मासळी विकू नये, असा हुकूम आला. माझ्या बापाला त्यानंतर दोन कोस खाली जावं लागायचं. हे माझ्यामुळं झालं म्हणून गावातले चार ढिवर आमच्याशी बोलेनासे झाले. विहीर बंद झाली ती आणखी दोघं मेल्यावर. कुणी बंद केली, कुणाच्या सांगण्यावरून, ते कधी कळलं नाही. एके दिवशी तिच्यावर लाकडं टाकलेली दिसली.

मी निभाकडे गेले. कॅम्पात मला जायला बंदी होती, म्हणून कुंपणाच्या बाहेर उभी राहिले. ती कुंपणाशी आली. चौकशीत काय झालं ते तिला कळलं होतं. मला वाटलं, आता ती बोइन म्हणेल.

तिनं म्हटलं नाही. म्हणाली, "माफ नाही करणार. पण तुझी भाषा आम्हाला शिकव. आमचं आम्ही बोलू. तुझं तोंड आम्हाला नको."

पारुल असती तर मधे बसून तिनंच शिकवलं असतं. हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी नदीवर बसायला लागले. विहीर बंद झाल्यामुळे आता बायांना नदीवर सोडणं भाग होतं. आधी तिघी आल्या, मग अकरा. वाळूत झिरा खणायचा, पाणी निवळेपर्यंत बसायचं, तेवढ्यात शिकायचं. मी त्यांना ताईसाहेबांची भाषा शिकवली नाही. आमची शिकवली. पाणी पायजे. औषध कुठी हाये. हे काऊन बंद केलं. किल्ली कोणापाशी हाये. मी सांगतो, तुमी लिवा. तुमी काय लिवलं ते मले वाचून दाखवा.

हे शेवटचं वाक्य निभानं स्वतः मागून घेतलं. मला ते सुचलं नव्हतं.

मंडळ असं नाव आम्ही कधी ठेवलं नाही. ते नंतर लोकांनी ठेवलं. आम्ही फक्त ठरवलं होतं की कचेरीत एकटीनं जायचं नाही, अकराजणींनी जायचं. एकीनं बोलायचं, दहाजणींनी ऐकायचं आणि काय ऐकलं ते बाहेर येऊन जुळवून पाहायचं. कॅम्पच्या साहेबानं पहिल्या वेळी हाकलून दिलं. दुसऱ्या वेळी दारात उभं केलं. तिसऱ्या वेळी निभा म्हणाली, "औषधाच्या खोलीची किल्ली इथी पायजे. अहेरीले नाई." साहेब म्हणाला, हे समिती ठरवेल. निभा म्हणाली, "लिवा. मंग वाचून दाखवा." त्या दुपारी अकराजणी कचेरीच्या पायरीवर बसून राहिल्या. कॅम्पात चुली पेटल्या नाहीत. संध्याकाळच्या आत साहेबानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. आठ दिवसांनी किल्ली कॅम्पात आली. एवढंच आम्हाला मिळालं. एका किल्लीसाठी इतकं. पारुलला ती मिळाली असती तर, हा विचार मी करत नाही. मनात आला की उठून कामाला लागते.

ताईसाहेबांनी एकदा निरोप पाठवला. परत ये, झालं गेलं विसरू, तुला त्या बायांवर मुख्य सेविका करते. निरोप आणणाऱ्या बाईला मी म्हटलं, "त्याईच्यावर मी कोण? त्याईले विचारा." ती विचारायला गेली नाही.

धान कापणी झाली आणि बातमी आली. आणखी कुटुंबं येणार. पहिल्यापेक्षा दुप्पट. समितीनं कमान उभारली. हार आणले, फलक लावला. चांद्याहून पाहुणे आले. ट्रक कमानीपाशी थांबणार, ओवाळणं होणार, भाषण होणार.

निभानं बाकीच्या दहाजणींना जमवलं. मलाही बोलावलं. म्हणाली, कमानीपर्यंत जायचं नाही. त्याच्या अलीकडे, जिथं जंगलातला रस्ता माळावर निघतो, तिथं उभं राहायचं. भाषण ऐकायच्या आधी त्या माणसांनी आपलं ऐकायला हवं. कुठलं पाणी प्यायचं नाही. औषध कुठं मिळतं. साहेबाशी बोलायला दुसऱ्याला पाठवायचं नाही, स्वतः शिकेपर्यंत हातानं दाखवायचं, पण दुसऱ्याचं तोंड घ्यायचं नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "हे मी सांगेन," ती म्हणाली. "पण पारुलचं तू सांगायचं. तू काय केलंस ते. दर ट्रकला."

अकराजणी माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "सांगीन."

तिनं विचारलं, "दर वेळी?"

"दर वेळी."

तेव्हा म्हटलं ते आजपर्यंत पाळलं आहे. त्यानंतर किती ट्रक आले, किती गावं बसली, किती समित्या आल्या आणि गेल्या. माझी मान खाली जाते, तरी सांगते. मरेपर्यंत सांगणार. मी सांगायची थांबले की दुसरी कुणीतरी पोरगी खुर्चीवर बसेल आणि तिच्या हातात चार वाक्यं देतील.

त्या दिवशी ऊन चढलं होतं. पहिला ट्रक धुरळा उडवत झाडीतून बाहेर आला. बाया रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या, पण थांबला. तिकडं कमानीपाशी वाजंत्री सुरू झाली होती. ट्रकात माणसं उभी होती, गच्च, पोरं खांद्यावर घेतलेली, आमच्याकडे पाहत. आम्ही कोण, हे त्यांना कळत नव्हतं. आता आणखी काय काढून घ्यायला आल्या, असंच वाटलं असेल.

निभानं मला पुढं ढकललं. मी चाकावर पाय दिला, फळी धरून वर चढले, आणि त्यांच्या भाषेत म्हटलं, "या कॅम्पात एक सहा वर्षांची पोरगी पाण्यानं मेली. ते पाणी चांगलं आहे असं मी साहेबाला सांगितलं होतं. मी खोटं बोलले होते. आता ऐका, खरं काय आहे ते."